सारख्या नावांचे उपकार

सामान्य नागरिकाने आज किती गोष्टी लक्षात ठेवायच्या, याला काही सुमार राहिलेला नाही. गॅसचा ग्राहक क्रमांक, बँकेचा पासवर्ड, मुलांच्या शाळेच्या ॲपचा दुसरा पासवर्ड, पीक विम्याची शेवटची तारीख. त्यात भर म्हणून आपल्या भागात होऊन गेलेली मोठी माणसे, त्यांची कामे, त्यांची पुस्तके आणि त्यांचे वाद हेही त्याने डोक्यात ठेवावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे. खान्देशाने या अन्यायावर फार पूर्वीच तोडगा काढला. एक नाव लक्षात ठेवायचे आणि त्या नावाच्या जितक्या व्यक्ती झाल्या असतील तितक्यांना त्यात सामावून घ्यायचे. जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांत ही पद्धत इतकी अंगवळणी पडली आहे की तिचे श्रेय घ्यायला कोणी पुढे आलेले नाही आणि तिच्यावर एकही गौरवग्रंथ निघालेला नाही. ती उणीव थोडीतरी भरून निघावी, म्हणून हे चार शब्द.

धुळ्यापासून सुरुवात करणे रास्त होईल. ‘शरद पाटील’ म्हटले की धुळ्यात कोणीही मान डोलावतो, आणि ती नेमकी कोणासाठी डोलली हे विचारण्याचा उद्धटपणा कोणी करत नाही. एक शरद पाटील म्हणजे कॉम्रेड. १९७८ मध्ये त्यांनी सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष स्थापन केला, मार्क्सच्या शेजारी फुले आणि आंबेडकरांना बसवले, आदिवासींच्या जमिनींसाठी लढे उभारले, आणि जातीचे मूळ गाठायचे तर संस्कृत ग्रंथ मुळातून वाचता आले पाहिजेत म्हणून थेट पाणिनीच्या व्याकरणापर्यंत गेले. ‘दास-शूद्रांची गुलामगिरी’ हा त्यांचा ग्रंथ. २०१४ साली ते वारले. दुसरे प्रा. शरद पाटील २००९ मध्ये धुळे ग्रामीणमधून शिवसेनेच्या तिकिटावर विधानसभेत गेले. तिसरे शरद पाटील, तेही प्राध्यापकच, सांगली-मिरजेकडचे, जनता दलाचे माजी आमदार. वर्ग-जातीचा लढा, हिंदुत्व आणि समाजवाद या तिघांना एकत्र आणण्याचे प्रयत्न देशात अनेकांनी केले आणि सगळे फसले. धुळेकर ते रोज एका मानेच्या हालचालीत करतो. कॉम्रेडांचा ग्रंथ पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेला माणूस शोधायला निघालात तर दिवस मोडेल. शरद पाटलांना ओळखत नाही असा माणूस मात्र कुठल्याच चहाच्या टपरीवर सापडणार नाही. समाजाच्या दृष्टीने दुसरी गोष्ट अधिक मोलाची आहे, याबद्दल दुमत नसावे.

देवांच्या बाबतीत तर या पद्धतीने कमालच केली आहे. शंकर श्रीकृष्ण देव हे धुळ्याचे वकील. समर्थ संप्रदायाची हस्तलिखिते मठामठांतून गोळा करण्यात त्यांनी आयुष्य घातले. धुळ्याचे समर्थ वाग्देवता मंदिर त्या कष्टावर उभे आहे. शंकर दत्तात्रेय देव हे गांधीवादी, काँग्रेसचे सरचिटणीस, पुढे संयुक्त महाराष्ट्र परिषदेचे अध्यक्ष, आणि डिसेंबर १९३६ मध्ये आपल्याच फैजपूरला भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाचे स्वागताध्यक्ष. खेड्यात भरलेले ते पहिले काँग्रेस अधिवेशन. एक शंकरराव जुन्या पोथ्यांतले पाठभेद जुळवत बसलेले, दुसरे शंकरराव खेड्यात उभारलेल्या नगरात नेहरूंचे स्वागत करायला उभे. आपण दोघांचा मिळून एकच शंकरराव देव केला, की त्याला दासबोधही येतो आणि सत्याग्रहही येतो, तो वकिलीही करतो आणि तुरुंगातही जातो. एवढा परिपूर्ण पुरुष प्रत्यक्षात जन्माला आला नाही, हा इतिहासाचा कंजूषपणा आहे. तो नागरिकांनी आपल्या विस्मरणाने भरून काढला.

राजवाड्यांचे प्रकरण घरातलेच. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे म्हणजे इतिहासाचार्य. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे बावीस खंड त्यांनी बाहेर काढले, कागदांची दप्तरे शोधत पायी गावे तुडवली आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात देह ठेवला. त्यांच्या मागे धुळेकरांनी राजवाडे संशोधन मंडळ उभे केले. त्यांचे थोरले बंधू वैजनाथ काशिनाथ हे संस्कृतचे प्राध्यापक. यास्काच्या निरुक्ताचे मराठी भाषांतर त्यांचे. मराठीत एक वि. का. आणि दुसरे वै. का., पण इंग्रजी आद्याक्षरे लिहिली की दोघेही व्ही. के. राजवाडे. ग्रंथालयात एकाला शोधताना दुसरा हाती लागला, तर वाचकाने मनाला लावून घेऊ नये. दोन्ही कपाटांवरची धूळ सारख्याच जाडीची असते, त्यामुळे कोणावर अन्याय झाला असे म्हणता येणार नाही.

या पद्धतीचे सर्वात सुंदर फळ मात्र जळगावला पाहायला मिळते, आणि तिथे जरा थांबायला हवे. संत बहिणाबाई सतराव्या शतकातल्या, १६२८ ते १७०० हा त्यांचा काळ. तुकोबांच्या शिष्या, शिऊरच्या. आपल्या जगण्याची हकिकत अभंगांत सांगणारी बाई त्या काळात दुसरी दाखवणे कठीण. बहिणाबाई चौधरी १८८० साली असोद्याला महाजनांच्या घरात जन्मल्या, लग्न होऊन जळगावच्या चौधरी वाड्यात आल्या, ऐन तारुण्यात विधवा झाल्या, शेतात राबल्या, जात्यावर आणि बांधावर ओव्या रचत राहिल्या आणि ३ डिसेंबर १९५१ रोजी गेल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांचा मुलगा सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी त्यातले काही उतरवून घेतले म्हणून ते उरले. १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक आले आणि महाराष्ट्र थक्क झाला. पहिल्या बहिणाबाई गेल्या आणि दुसऱ्या जन्मल्या यांत १८० वर्षे आहेत. मधल्या काळात पेशवाई आली, गेली, इंग्रज आले, आगगाडी आली. एवढा मोठा खड्डा एका नावाने बुजवता येतो, हे नागरी बांधकामाचे उत्तम उदाहरण आहे.

जयंतीच्या एका कार्यक्रमात मी हे काम प्रत्यक्ष होताना पाहिले. शाळा अर्थातच इथे महत्त्वाची नाही, कुठलीही समजावी. व्यासपीठावर टेबल, टेबलावर लाल कापड, तसबिरीला झेंडूचा हार, आणि मागच्या फळ्यावर रंगीत खडूने, वेलबुट्टी काढून लिहिलेले: ‘संत कवयित्री बहिणाबाई चौधरी’. पाहुण्यांनी भाषणात सांगितले की तुकाराम महाराजांनी बहिणाबाईंना स्वप्नात दृष्टान्त देऊन अनुग्रह दिला आणि त्यानंतर त्यांनी असोद्याच्या शेतात काम करता करता अहिराणीत अभंग लिहिले. यातला ‘लिहिले’ हा शब्दही पाहुण्यांची उदार देणगी होती, कारण लिहिणे ज्यांना येत नव्हते त्यांनाही त्यांनी ते मिळवून दिले. बोली लेवा गणबोली होती की अहिराणी, हा तर तपशील झाला. पाचवी-सहावीच्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. शेवटच्या रांगेतल्या एका मुलीने, बहुधा असोद्याकडचीच असावी, शेजारणीच्या कानात काही विचारले. बाईंनी बोट ओठांवर ठेवले आणि प्रश्न जागच्या जागी शांत झाला. एका भाषणात दोन जयंत्या, एका हारात दोन तसबिरी, एका सुट्टीच्या तासात दोन शतके. शिक्षण खात्याने वेळ आणि खर्च यांच्या बचतीचे एवढे चांगले प्रात्यक्षिक कुठे दाखवले असेल, तर मला ठाऊक नाही.

सोपानदेवांनाही या सोयीचा लाभ मिळतो. सोपान म्हटले की वारकऱ्याला ज्ञानेश्वरांचे धाकटे बंधू आठवतात, सासवडची समाधी आठवते. सोपानदेव चौधरी स्वतः चांगले कवी होते, हे मग वेगळे आठवावे लागत नाही. आई आणि मुलगा दोघांनाही परस्पर संतपद मिळाल्यामुळे त्यांच्या कविता वाचण्याची गरज उरली नाही. संतांना नमस्कार करायचा असतो.

शासनाने या बाबतीत थोडा अडथळा आणला होता, हे नमूद केले पाहिजे. १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगावला स्थापन झालेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचे २०१८ साली ‘कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ’ असे नामकरण झाले. ‘कवयित्री’ही घातले आणि ‘चौधरी’ही घातले, म्हणजे ही बहिणाबाई कोणती, याबद्दल शंकेला जागाच ठेवली नाही. नागरिकांची एवढ्या वर्षांची मेहनत वाया जाते की काय अशी धास्ती वाटली. पण जळगावच्या वर्तमानपत्रांनी वेळीच मार्ग काढला आणि मथळ्यांत ‘कबचौउमवि’ छापायला सुरुवात केली. आता शुल्कवाढ झाली तरी कबचौउमवि, निकाल रखडला तरी कबचौउमवि. ज्या बाईने खेड्यातल्या बोलीत शब्दाशब्दाला जीव आणला तिच्या नावाचा हा उच्चार एकदा मोठ्याने करून पाहावा. यात तुकोबांची शिष्याही नाही आणि असोद्याची लेकही नाही, त्यामुळे दोघींत भांडणाचे कारणच संपले.

अमळनेरच्या साने गुरुजींविषयी थोडक्यात. पांडुरंग सदाशिव साने प्रताप हायस्कुलात शिकवत होते, १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीता-प्रवचने त्यांनी टिपून घेतली. त्यांच्याच पिढीच्या आगेमागे वर्ध्याकडे आणखी एक पांडुरंग सदाशिव झाले: खानखोजे. वडिलांचे नावही तेच. हे गदर चळवळीतले क्रांतिकारक, पुढे मेक्सिकोत जाऊन गहू-मक्यावर संशोधन करणारे कृषिशास्त्रज्ञ. दोघांनाही शेतकऱ्याच्या मुलाचे पोट भरावे असे वाटत होते. एकाने त्याच्यासाठी गोष्टी लिहिल्या, दुसऱ्याने कणीस सुधारले. आपण मराठी लोकांनी पहिल्या पांडुरंग सदाशिवाला पाठ्यपुस्तकात एक धडा दिला आणि दुसऱ्याला लक्षात ठेवण्याची जबाबदारी मेक्सिकोवर सोपवली. २०२२ साली तिथल्या चापिंगो कृषी विद्यापीठात त्यांचा पुतळा बसला. श्रमविभागणी ही अशी असावी.

काही हट्टी टीकाकार विचारतात की आपल्याला माणसामाणसांतला फरक कळतच नाही काय? हा आरोप निराधार आहे. तलाठी कार्यालयात जाऊन पाहावे. एकाच गावात एकाच नावाचे तीन भाऊबंद असतात आणि सातबारा काढताना त्यांच्यात चुकूनही गल्लत होत नाही. बापाचे नाव, आजोबाचे नाव, गट नंबर, खाते नंबर, बांधावरचे कडुलिंब कोणाचे आणि विहिरीत हिस्सा किती आण्यांचा, सगळे लोकांना तोंडपाठ असते. धुळ्याच्या जुन्या पेठेत गल्ल्यांना नुसते क्रमांक आहेत, तरी गल्ली नंबर चारचा दूधवाला पाचमध्ये शिरत नाही, कारण तिथे उधारी बुडते. म्हणजे ओळखण्याची शक्ती आपल्याकडे भरपूर आहे. ती फक्त जमीन आणि उधारी यांसाठी राखून ठेवलेली आहे, आणि राखीव साठा कवी, इतिहासकार व विचारवंत यांच्यावर उधळणे शहाणपणाचे नाही.

सत्तेच्या क्षेत्रात शिरल्यावर ही पद्धत आणखी फुलते. चंद्रकांत पाटील हे नाव घ्या. एक चंद्रकांत पाटील कवी. हिंदी कविता मराठीत आणि मराठी कविता हिंदीत नेण्यात त्यांची हयात गेली. दुसरे कोल्हापूरचे, कोथरूडमधून निवडून येणारे, राज्याचे उच्च व तंत्रशिक्षणमंत्री. तिसरे आपल्या मुक्ताईनगरचे आमदार. २०१९ मध्ये अपक्ष उभे राहून त्यांनी १,९५७ मतांनी बाजी मारली. चौथे चंद्रकांत रघुनाथ पाटील, ज्यांना देश सी. आर. पाटील म्हणून ओळखतो. जन्म जळगाव जिल्ह्यातला, कर्मभूमी गुजरात. २०२४ साली नवसारीतून पावणेआठ लाखांच्या आसपास मताधिक्य घेऊन ते केंद्रात जलशक्तिमंत्री झाले. ज्या नागरिकाने हे चारही एक मानले, त्याच्या मनात उच्च शिक्षण एका कवीच्या हाती आहे, तो कवी नवसारीतून पावणेआठ लाखांनी निवडून येतो आणि देशाच्या नद्या सांभाळतो. असा नागरिक सुखी असतो. त्याचे सुख हिरावून घेण्याचा अधिकार कोणाला आहे?

पाण्याचाच विषय निघाला तर जळगाव जिल्ह्याइतका भाग्यवान जिल्हा सापडणार नाही. केंद्राची जलशक्ती इथे जन्मलेल्या एका पाटलांकडे, राज्याचा पाणीपुरवठा इथल्याच दुसऱ्या पाटलांकडे, म्हणजे गुलाबरावांकडे. मे महिन्यात टँकरच्या रांगेत हंडा घेऊन उभ्या असलेल्या बाईला मुंबईला कोणाला आणि दिल्लीला कोणाला सांगायचे असा घोळ करावा लागत नाही. ‘पाटील’ अशी एक हाक मारली की ती दोन्हीकडे पोचते. हंड्यापर्यंत पाणी पोचणे हा तांत्रिक भाग आहे आणि त्याची निविदा वेगळी असते.

गुलाबराव हे नाव तर स्थैर्याचा आदर्शच म्हणावे लागेल. अमळनेरचे समाजवादी आमदार गुलाबराव पाटील होऊन गेले, सांगलीचे सहकारातले गुलाबराव पाटील होऊन गेले, ते जुन्या पिढीला आठवतात; एकमेकांत मिसळून का होईना, आठवतात. पण खरी कमाई जळगाव ग्रामीणची. मतदारसंघांच्या पुनर्रचनेनंतर २००९ साली इथे पहिली निवडणूक झाली. गुलाबराव देवकरांनी गुलाबराव पाटलांना हरवले. २०१४ मध्ये गुलाबराव पाटलांनी गुलाबराव देवकरांना हरवले. २०१९ लाही गुलाबराव पाटील. २०२४ मध्ये पुन्हा दोघे समोरासमोर, पुन्हा पाटील. एक राष्ट्रवादीचा, एक शिवसेनेचा. दोघेही मंत्रिपदापर्यंत पोचले. हा मतदारसंघ जन्मल्यापासून तिथे गुलाबरावांखेरीज कोणीही निवडून आलेले नाही. ‘गुलाबभाऊ आले’ असे म्हणत गुलाल उधळणाऱ्या कार्यकर्त्याला पक्ष बदलला तरी घोषणा बदलावी लागत नाही. आपल्याकडे पक्ष किती वेगाने बदलतात हे पाहता, घोषणा टिकाऊ असणे ही काटकसरीची मोठी बाब आहे.

पण हे सगळे योगायोगाने घडलेले. आईबापांनी नावे ठेवली, काळाने माणसे मोठी केली आणि आपण त्यांची सरमिसळ केली. योगायोगावर किती दिवस विसंबणार? लोकशाहीने ही पद्धत नियोजनपूर्वक वापरायला घेतली, आणि इथे महाराष्ट्राच्या इतर भागांनी खान्देशाला मागे टाकले, हे खेदाने कबूल करावे लागते.

२०१४ च्या लोकसभा निवडणुकीत रायगडमध्ये सुनील तटकरे २,११० मतांनी हरले. त्याच मतपत्रिकेवर आणखी एक सुनील तटकरे होते, अपक्ष. त्यांना ९,८४९ मते मिळाली. या दुसऱ्या तटकऱ्यांकडे मी अत्यंत आदराने पाहतो. आदर्श उमेदवाराची जी जी लक्षणे आपण पारावर बसून सांगतो, ती सगळी अशा उमेदवारात असतात. तो आश्वासन देत नाही, म्हणून मोडत नाही. फलकांनी चौक विद्रूप करत नाही. त्याच्या सभेमुळे वाहतूक अडत नाही, त्याच्या भोंग्यामुळे दहावीच्या मुलाचा अभ्यास बुडत नाही. तो जात काढत नाही, धर्म काढत नाही. निकालानंतर मतदारांना तोंड दाखवत नाही, हे खरे. पण त्याने ते आधीही दाखवलेले नसते, म्हणजे तो वागण्यात एकसारखा असतो. निवडून आलेल्या किती जणांबद्दल असे म्हणता येईल?

२०२४ मध्ये तर आपल्या शेजारच्या दिंडोरीने पल्ला कुठल्या कुठे नेला. तिथे भास्कर भगरे सर निवडून आले, आणि भगरे आडनावाच्या, ‘सर’ हीच पदवी लावलेल्या एका अपक्षाला एक लाखाहून अधिक मते पडली. त्याच्याकडे ‘तुतारी’ हे चिन्ह होते. खऱ्या सरांच्या पक्षाचे चिन्ह ‘तुतारी वाजवणारा माणूस’. साताऱ्यात नाव वेगळे होते तरी चिन्हाने काम केले: त्याच पक्षाचे शशिकांत शिंदे ३२,७७१ मतांनी पडले आणि तुतारीवाल्या अपक्षाला ३७,०६२ मते मिळाली. एक लाख माणसे उन्हात रांगेत उभी राहतात, बोटाला शाई लावून घेतात, आपण ज्याला ओळखत नाही अशा माणसाला ओळखीचा समजून निवडतात आणि समाधानाने घरी जातात. निवडणुकीनंतर पाच वर्षे टिकणारे समाधान दुर्मिळ असते; त्यांना ते मिळाले.

देशाचा विचार केला तर छत्तीसगडमधल्या महासमुंदला मानाचे पान द्यावे लागेल. २०१४ साली तिथे भाजपच्या चंदूलाल साहूंबरोबर आणखी दहा चंदू साहू उभे होते. मूळचे चंदूलाल १,२१७ मतांनी कसेबसे जिंकले. केरळात २००४ साली अलप्पुळाला व्ही. एम. सुधीरन १,००९ मतांनी हरले आणि व्ही. एस. सुधीरन ८,२८२ मते घेऊन गेले. एका आद्याक्षराच्या फरकाने एवढे साधते, हे आपल्या व्ही. के. राजवाड्यांच्या गावाने लक्षात घेण्यासारखे आहे.

यंत्रणेनेही या कार्याला विरोध केलेला नाही, केली ती मदतच. नियम सांगतो की दोन उमेदवारांचे नाव सारखे असेल तर व्यवसाय किंवा गाव जोडून फरक दाखवावा. त्यामुळे खान्देशात एक ‘पाटील, शेती’ आणि दुसरा ‘पाटील, शेती’ असा फरक सहज दाखवता येतो. अपक्षाला दहा सूचक लागतात. दहा माणसे सही करायला मिळणे आपल्याकडे कधीच अवघड नव्हते. विधानसभेची अनामत दहा हजार, लोकसभेची पंचवीस हजार, आणि एक षष्ठांश मते न मिळाल्यास ती जप्त होते. हजार-दोन हजार मतांनी निकाल फिरणार असेल तर दर मतामागे किती रुपये पडले, हा हिशेब केळीच्या व्यापाऱ्याला सांगावा लागणार नाही. २०२४ च्या मे महिन्यात हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला, तेव्हा न्यायालयाने लक्ष घालायला नकार दिला. आईवडिलांनी ठेवलेल्या नावामुळे कोणाचा निवडणूक लढवण्याचा हक्क काढून घ्यायचा कसा, असा त्याचा आशय होता. त्याला उत्तर नाही. बारशाच्या दिवशी कोणी पुढच्या खासदाराचा पराभव मनात धरून बाळाच्या कानात कुर्रर्र करत नाही.

एक अडचण २०१५ मध्ये आली. निवडणूक आयोगाने मतदान यंत्रावर उमेदवाराचे छायाचित्र छापायला सुरुवात केली. उद्देश हा की नाव सारखे असले तरी चेहरा बघून माणूस ओळखता यावा. पण मतदान कक्षात काय दिसते ते आठवा: पुठ्ठ्याचा आडोसा, कमी उजेड, सोळा ओळींची पट्टी, ओळीच्या शेवटी निळे बटण, आणि नखाएवढा फोटो. प्रत्येक फोटोत मिशी. ज्या मतदाराने उमेदवाराला आयुष्यभर फक्त फलकावर, हात जोडलेला आणि रंग उजळवलेला पाहिला आहे, त्याने त्या टिकलीएवढ्या चौकोनात कोणाला ओळखावे? ज्यांना तरीही शंका असेल त्यांच्यासाठी रशियाचा दाखला आहे. २०२१ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये बोरिस विश्नेव्स्की या उमेदवारासमोर दोघांनी नाव बदलून तेच घेतले आणि मतदान केंद्रातल्या फलकावरच्या छायाचित्रांत तिघांचीही तशीच दाढी आणि तसेच टक्कल होते. दाढीच्या बाबतीत खान्देश मागे नाही.

तेव्हा आता जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या सुजाण नागरिकांनी, विशेषतः पक्षाच्या कार्यालयात बसणाऱ्या तरुणांनी, सारख्या नावाचा उमेदवार शोधण्याचे हे काम ऐन वेळेवर सोडू नये, अशी कळकळीची विनंती आहे. आज काय होते? अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस उजाडतो, कोणी एक हुशार पोरगा हायलायटर घेऊन मतदार यादीची पाने उलटतो, दुपारचे दोन वाजतात, सापडलेला माणूस कापूस वेचायला शेतात गेलेला असतो, त्याला मोटारसायकलवर घालून तहसीलला आणेपर्यंत घामाघूम व्हायला होते. कधी कधी त्याला आपण कशासाठी आलो हे परतीच्या वाटेवर कळते. एका नागरिकाला लोकशाहीत असा प्रवेश मिळणे बरे दिसत नाही. त्याला आदल्या दिवशी सांगावे, स्वच्छ शर्ट घालायला सांगावा, फोटो नीट काढून घ्यावा. जिंकला नाही तरी त्याच्या घरच्यांना तो बघता येईल.

मतदार याद्या तहसील कचेरीत पाहायला मिळतात, संकेतस्थळावरही असतात. अर्ज सकाळी अकरापासून दुपारी तीनपर्यंतच घेतले जातात. पाटील, चौधरी आणि महाजन आडनावांची पाने जास्त आहेत, त्यामुळे त्यांना वेळ लागेल. सुरुवात तिथूनच केलेली बरी.